जेवणाच्या टेबलावरून उठू नकोस

प्रश्न : ताई, मी पुण्याच्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. एका सेमिस्टरसाठी सप्टेंबरपासून स्पेनमध्ये ग्रानादाला आले आहे, जानेवारीच्या अखेरीस परत येईन. कॉलेजच्या कार्यक्रमातूनच एका स्पॅनिश कुटुंबात राहायची सोय झाली. घरात साठीच्या पुढचे नवरा-बायको आहेत, रविवारी मुलगी, जावई, नातवंडं येतात. सुरुवातीला सगळं छान होतं, पण नोव्हेंबरपासून सेन्योरा (घरमालकीण) माझ्याशी तुटक वागते. मी शाकाहारी आहे (अंडं खाते) हे सांगूनही एकदा मसुराच्या पदार्थात चोरिथोचे (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) तुकडे निघाले. मी ताट तसंच ठेवून उठले. अंघोळीला वेळ लावते म्हणून बोलणी बसतात, घरात अनवाणी चालले तरी ओरडा. माझ्या हीटरमुळे घरातली लाइट गेली तेव्हा तर ती फारच बोलली. मी नसताना खोलीत येऊन आवराआवर करते. जेवताना त्यांचं बोलणं मला निम्मंही कळत नाही. आईचा (भारतातल्या) संध्याकाळी सातचा फोन आला की मी उठून खोलीत जाते, हल्ली बऱ्याचदा खोलीतच केटलमध्ये मॅगी करून खाते. इथल्या दोन भारतीय मुलींच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होतेय. जाऊ का? नाताळला घरी थांबशील का, असंही सेन्योराने विचारलंय, पण त्या मुली पॅरिसला चालल्यात. काय करू?

उत्तर :

जाऊ नकोस. निदान आत्ता तरी नको.

तुझं पत्र मी सावकाश वाचलं. त्या बाईंच्या मनात तुझ्याबद्दल वाईट आहे, असं दाखवणारी एकही गोष्ट मला त्यात सापडली नाही. उलट, जिच्याशी आपलं जमत नाही अशा मुलीला कुणी नाताळच्या जेवणाला थांबवून घेत नाही. त्या रात्री स्पॅनिश घरात फक्त घरची माणसं असतात. तेव्हा हे निमंत्रण लहान समजू नकोस.

आधी फोनचं बघू, कारण मला वाटतं गाठ तिथेच बसली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. तोवर भारत आणि स्पेनमध्ये साडेतीन तासांचं अंतर होतं, आता साडेचार तासांचं आहे. आईचा सातचा फोन आधी तुला दुपारी साडेतीनला यायचा. तोवर जेवणं उरकत आलेली असायची, तू उठून गेलीस तरी कुणाला खटकत नसे. नोव्हेंबरपासून तोच फोन अडीचला वाजतो, आणि अडीच म्हणजे तिथे पानं वाढायची वेळ. आईने काही बदललं नाही, तूही नाही. पण सेन्योराला काय दिसतंय? सकाळपासून खपून केलेलं, वाफा येणारं जेवण समोर ठेवलं की ही मुलगी फोन कानाला लावून उठते आणि नंतर खोलीतून मॅगीचा वास येतो. तुझ्या आईसमोर रोज कुणी असं केलं असतं, तर आई किती दिवस गोड बोलली असती?

दुपारचं जेवण हा स्पॅनिश घराचा दिवसातला मुख्य प्रसंग असतो. दोन ते पाच बरीच दुकानं बंद असतात आणि माणसं जेवायला घरी येतात. पहिली वाटी, मग दुसरा पदार्थ, मग फळ, मग कॉफी आणि त्यानंतरही कुणी उठत नाही. या बसून राहण्याला ते सोब्रेमेसा म्हणतात. शेजारणीची चौकशी, फुटबॉल, राजकारण, नातवाची शाळा, सगळं तिथेच निघतं. तू ज्यासाठी एवढ्या लांब गेलीस ती भाषा त्या तासाभरात तुझ्यासमोर वाहत असते. वर्गातलं व्याकरण पुण्यातही मिळालं असतं.

म्हणून आजच आईला सांग, की आता भारतातल्या रात्री साडेनऊला बोलू या. तिथे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. सेन्योरा टीव्हीसमोर कलंडलेली असेल, आईचंही आवरलेलं असेल. निवांत बोलता येईल. शिवाय तोवर जेवताना काय काय झालं ते आईला सांगायलाही काहीतरी असेल.

आता बोलणं न कळण्याविषयी. मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे हे ठामपणे सांगते की दोष तुझ्या अभ्यासाचा नाही. आपण इथे शिकतो ते कास्तियाचं, म्हणजे मध्य स्पेनचं, वृत्तनिवेदकाचं स्पॅनिश. ग्रानादात शब्दाच्या शेवटचा स गळतो, द गळतो, आणि अनेकवचन कळायचं ते फक्त स्वर जरा जास्त उघडल्यावरून. 'मास ओ मेनोस' (कमी-जास्त) तिथे 'मा ओ मेनो' होतं. माद्रिदहून आलेल्या माणसालाही पहिले काही दिवस कान टवकारावे लागतात. त्यामुळे टेबलावर निम्मं समजत असेल तर ते खूप आहे. सगळं समजून घ्यायचा हट्ट सोड. रोज एकच विषय पकड आणि त्यावर एक प्रश्न विचार. 'ही भाजी कोणती?' एवढाही पुरतो. नवरा कमी बोलणारा असेल तर त्याच्याशी सुरुवात कर. निवृत्त पुरुषांना आपल्या गावाविषयी, ऑलिव्हच्या हंगामाविषयी विचारलेलं फार आवडतं. ग्रानादा प्रांतात ऑलिव्ह तोडायचा मोसम आता सुरूच होतोय, तेव्हा विषय शोधावा लागणार नाही.

आणि तिचा आवाज. तुझ्या पत्रात 'बोलणी बसतात', 'ओरडा', 'फारच बोलली' असं तीनदा आलंय. एक तर स्पॅनिश घरात सगळे मोठ्याने आणि एकाच वेळी बोलतात. 'मीठ दे', 'जेव', 'चपला घाल' हे सगळं आज्ञार्थात चालतं, मागे प्लीज लावत नाहीत. आपल्या घरात तरी कोण लावतं? दुसरं म्हणजे ग्रानादाच्या माणसांचा एक विशेष आहे, ज्याला साऱ्या स्पेनमध्ये 'मालाफोया' म्हणतात. वरकरणी तुसडं, कोरडं बोलणं. दुकानदार तुमच्याकडे न बघता उत्तर देईल, बसचालक खेकसेल, आणि पुढच्याच क्षणी तुमची जड बॅग उचलून आत ठेवेल. ग्रानादाचे लोक हे अभिमानाने मिरवतात. तू पुण्याची आहेस. 'बेल एकदाच वाजवावी' अशी पाटी लावणाऱ्या आजोबांच्या घरी आत गेल्यावर खरवस मिळतो, हे तुला माहीत आहे. त्याच कानाने सेन्योराचं ऐक.

जेवणाचा प्रश्न खरा आहे आणि त्यात तू मागे हटू नयेस असं माझं मत आहे. फक्त तो सोडवायची तुझी पद्धत चुकली. 'मी शाकाहारी आहे' एवढं स्पेनमध्ये पुरत नाही. मांस म्हणजे ताटातला मोठा तुकडा, असं तिथल्या जुन्या पिढीच्या डोक्यात असतं. हामोन (डुकराचं खारवून सुकवलेलं मांस), चोरिथो हे चवीपुरतं, आपण फोडणीत हिंग घालतो तसं घातलं जातं, ते त्यांच्या हिशेबात येतच नाही. बारमध्ये 'वेहेताल' नावाचं सँडविच मागितलं तर त्यात बहुधा टूना मासा असतो. मसुरात चोरिथो घालणं ही तर त्या घराची रीत असणार, तिच्या आईपासूनची. तुला फसवायला तिने काही केलेलं नाही. तुकडे बाजूला काढून खाता येईल, असंच तिला वाटलं असणार.

तेव्हा कागदावर लिहून दे, आणि नावानिशी लिही : हामोन नाही, चोरिथो नाही, मोर्थिया (रक्त घालून केलेलं सॉसेज) नाही, टूना आणि इतर मासे नाहीत, कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्यातलं सूप नाही, डुकराची चरबी नाही. आणि त्याच कागदावर खाली तू काय खातेस ते त्याहून मोठं लिही. हा भाग बहुतेक मुली विसरतात. समोरच्या बाईला नुसती नकारांची यादी मिळते आणि ती गोंधळून रोज उकडलेलं अंडं वाढते. तू तर भाग्यवान आहेस, अंदालुसियाच्या, म्हणजे तुझ्या ग्रानादाकडच्या दक्षिण स्पेनच्या, स्वयंपाकात शाकाहारी माणसाला खूप आहे. बटाट्याची तोर्तिया, म्हणजे बटाटे घातलेलं जाड ऑम्लेट. पालक घालून केलेले काबुली चणे, त्यात जिरंही असतं, तुला घरची आठवण येईल. पिस्तो, म्हणजे वांगी, टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्यांची ऑलिव्ह तेलात मुरवलेली भाजी. 'पापास आ लो पोब्रे', म्हणजे ढोबळ्या मिरच्या आणि कांद्याबरोबर ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेले बटाटे. हा खास ग्रानादाजवळच्या अल्पुहारा या डोंगराळ भागातला पदार्थ, आपल्या काचऱ्यांच्या अगदी जवळचा. आणि तळलेली वांगी, वरून उसाची काकवी. हो, काकवीच. ग्रानादा आणि मालागाच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं ऊस पिकत होता. हे खाल्लं नसशील तर या आठवड्यातच मागून खा.

मसूर ती दर आठवड्याला करतच असणार. तिला एवढंच विचार, की चोरिथो घालण्याआधी माझी एक वाटी बाजूला काढाल का? यात तिला वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, म्हणून नकार येणार नाही. बव्हंशी घरांत हे एवढ्यावर मिटतं.

आणि एक रविवार तू स्वयंपाक कर. मुलगी-जावई येतात तो. आधी विचारून घे, सामान स्वतःच्या पैशांनी आण, ओटा जसा होता तसा पुसून दे. जिरं, हळद, कोथिंबीर तिथे सहज मिळते. मसुराची आमटी, भात, बटाट्याची पिवळी भाजी, एवढं पुरे. तिखट अगदी नावाला घाल. स्पेनच्या जेवणात तिखटपणा जवळजवळ नसतो, आपल्याला सौम्य वाटतं त्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. ती ज्या मसुरात चोरिथो घालते, तेच मसूर चोरिथोशिवाय भरपेट जेवण होऊ शकतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसेल. माझ्या दोन विद्यार्थिनींच्या घरी यानंतर सेन्योरांनी वहीत कृती उतरवून घेतली.

घरातल्या इतर तक्रारींकडे वळते. त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण त्यातल्या प्रत्येकीमागे पैशाचं किंवा थंडीचं साधं कारण आहे आणि ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अंघोळ. ग्रानादातल्या अनेक जुन्या घरांत पाणी ब्युटेनच्या सिलिंडरवर तापतं. नारिंगी रंगाचा, आत साडेबारा किलो गॅस. आपल्या घरचा १४.२ किलोचा असतो आणि तो संपत आला की आई कशी जपून वापरते, ते आठव. तिथे तुझ्या लांब अंघोळींमुळे सिलिंडर लवकर संपतो. संपला की साठीतल्या माणसाला तो बदलावा लागतो, कधी जिन्यावरून चढवावाही लागतो. ज्यांच्याकडे विजेचा बॉयलर असतो त्यांचं टाकीतलं पाणी संपतं आणि मागच्या माणसाला गार पाण्याने उरकावं लागतं. दहा मिनिटांत आटोप, साबण लावताना शॉवर बंद ठेव. केस धुवायचा दिवस असेल तर आधी सांगून ठेव.

वीज. स्पेनमध्ये प्रत्येक घर ठरावीक क्षमतेचा करार करतं, बऱ्याच घरांत ३.४५ किंवा ४.६ किलोवॅटचा. त्यापेक्षा जास्त भार एकाच वेळी पडला की सगळ्या घराचा पुरवठा तुटतो. क्षमता वाढवली की दरमहाचा स्थिर आकार वाढतो, म्हणून लोक कमीतच भागवतात. तुझा हीटर दोन हजार वॅटचा असेल, केटलही साधारण तेवढीच. त्याच वेळी स्वयंपाकघरात ओव्हन चालू असेल तर लाइट जाणारच. तिच्या ओरडण्यात अंधाराची धास्ती होती आणि बिलाचीही. केटल उद्याच बॅगेत ठेवून दे. खोलीत खाणं बंद कर, त्यांना ते मुळीच आवडत नाही.

थंडी वाजते त्याला दुसरा उपाय आहे आणि तो बहुतेक तुझ्या डोळ्यांसमोर आहे. बैठकीच्या खोलीत गोल टेबल आहे का, जमिनीपर्यंत जाड कापड सोडलेलं? त्याला मेसा कामिया म्हणतात. त्याखाली शेगडी असते, पूर्वी निखाऱ्यांची, आता विजेची. सगळे पाय त्या कापडाखाली घालून बसतात. ग्रानादा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, मागे सिएरा नेवादाचा बर्फ, आणि जुनी घरं बांधलीत ती उन्हाळ्याचा विचार करून. डिसेंबरात रात्री पारा शून्याजवळ जातो. एकेका खोलीत हीटर लावण्यापेक्षा सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, ही तिथली रीत. तुझी पुस्तकं तिथे घेऊन बस. अभ्यास होईल, ऊब मिळेल आणि शेजारी बसलेल्या माणसाशी काहीतरी बोलणं आपोआप होईल.

चपलांचंही याच थंडीशी जोडलेलं आहे. आपण चपला दाराबाहेर काढतो, त्यात स्वच्छता आणि मान दोन्ही आलं. तिथे फरशीवर अनवाणी चालणारं माणूस आजारी पडणार, असं प्रत्येक आईला वाटतं. घरात घालायच्या मऊ सपाता प्रत्येकाच्या असतात. बाजारातून एक जोड आण, घरातच वापर. त्यामुळे पाय स्वच्छ ठेवायचा तुझा नियमही मोडत नाही.

खोलीत ती आवरायला येते हे तुला आवडत नाही, ते मला समजतं. पण कार्यक्रमाचा कागद काढून बघ. आठवड्याची साफसफाई आणि कपडे धुणं बहुधा त्यात लिहिलेलं असतं, म्हणजे ती आपलं काम करत असते. वार ठरवून घे. त्या दिवशी पसारा आवरून जा, पैसे आणि कागदपत्रं सूटकेसला कुलूप लावून आत ठेव. एवढं मागणं अजिबात उद्धटपणाचं नाही.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट विसरायची नाही. तुला ठेवून घेण्याचे त्यांना पैसे मिळतात. पेन्शनला हातभार म्हणून अनेक घरं विद्यार्थी ठेवतात, त्यात कमीपणा काही नाही. म्हणून जे कबूल केलं ते मागायला लाजू नकोस. पोटभर जेवण मिळत नसेल, सांगूनही ताटात पुन्हापुन्हा मांस येत असेल, खोलीला दार-खिडकी धड नसेल, घरातला किंवा रविवारी येणारा कुणी पुरुष नको तितका जवळ येत असेल, किंवा रंगावरून, देशावरून हिणवणं होत असेल, तर एक दिवसही सोसू नकोस. त्या वेळी सेन्योराशी बोलत बसायची गरज नाही. थेट कार्यक्रमाच्या निवासाचं काम बघणाऱ्या माणसाकडे जा, लेखी तक्रार दे, दुसरं घर माग. त्यांना अशी बदली नवीन नसते. आणि घरीही लपवू नकोस. आपल्या मुली 'आईला काळजी नको' म्हणून गप्प बसतात, ते मला मुळीच पटत नाही.

तुझ्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी थांब म्हणते. त्या दोघी मैत्रिणींशी जरूर मैत्री ठेव, शनिवारी त्यांच्याकडे जाऊन वरण-भात खा. परक्या देशात आपल्या माणसांची गरज असते आणि ती भागवलीच पाहिजे. पण त्या फ्लॅटमध्ये राहायला गेलीस तर उरलेले अडीच महिने तू मराठी-हिंदीत जगशील, एवढं नक्की. शिवाय मध्येच घर सोडलं तर भरलेले पैसे परत मिळतात की नाही, तेही करारात बघावं लागेल.

सेन्योराशी बोलायला दुपारची कॉफी झाल्यानंतरची वेळ बरी. दिलगिरीचं लांबलचक भाषण नको, त्या बाईला ते अवघड वाटेल. फोनची वेळ बदलली आहे हे सांग, तो कागद दे, अंघोळीचं आणि हीटरचं लक्षात आलं असं सांग आणि मग तुझी रविवारच्या स्वयंपाकाची कल्पना मांड. जाताना सांता फे गावचे पियोनोनो (मलई लावलेले छोटे गोड केक) घेऊन जा, ग्रानादाच्या मिठाईच्या दुकानांत मिळतात, आणि अंडं चालतं म्हणजे तुलाही खाता येतील.

राहिला नाताळ. २४ डिसेंबरची रात्र त्या घरात काढ. जेवण उशिरा सुरू होतं आणि मध्यरात्रीनंतरही चालतं. टेबलावर मासे आणि मांस भरपूर असेल, तर तुझ्यासाठी एक तोर्तिया करून ठेवू या, असं आदल्या दिवशी स्वतःच सुचव आणि तिच्या हाताखाली कर. गोडात सावध राहा. पोल्व्होरोन आणि मांतेकादो दिसतात आपल्या नानकटाईसारखे, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. डब्यावर 'मांतेका दे थेर्दो' लिहिलंय का बघ. तुर्रोन बदाम, मध आणि अंड्याचा असतो, तो खा.

पॅरिसला २६ नंतर जा. तुझ्या स्पॅनिश विद्यार्थी व्हिसावर फ्रान्सला जाता येतं, मूळ पासपोर्ट बरोबर ठेव. त्या मुली पुढे लंडनला जायचं म्हणत असतील तर त्याला वेगळा व्हिसा लागतो, ते आधीच बघा. ३१ ला मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं खायची असतात, ते स्पेनमध्ये असताना चुकवू नये असं मला वाटतं, पण तिकिटं महाग पडत असतील तर हट्ट नको. ५ जानेवारीच्या संध्याकाळच्या आत मात्र परत ये. त्या दिवशी बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांची मिरवणूक निघते, लहान मुलांना भेटी मिळतात त्या ६ तारखेला. त्या घरात नातवंडं आहेत, त्यांच्यासाठी पॅरिसहून काहीतरी छोटंसं आण. त्यानंतर लगेच तुझ्या परीक्षा आहेत, तेव्हा पुस्तकं सुट्टीच्या आधीच वाचायला घे.